मंगल कार्यालयाच्या टीव्हीवर बुकिंग आपोआप कसं दाखवायचं: डेटाबेस आणि साइनेज जोडताना

विचारलेलं थोडक्यात असं आहे. लातूरला मंगल कार्यालय आहे, तीन हॉल आणि एक लॉन. बुकिंगचं सॉफ्टवेअर ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याचा डेटाबेस मायएसक्यूएलमध्ये आहे. आता गेटवर, लॉबीत आणि तिन्ही हॉलच्या दारात मिळून पाच टीव्ही बसवलेत, त्यावर झिबो हे साइनेजचं, म्हणजे पडद्यावर पाट्या दाखवायचं सॉफ्टवेअर टाकलंय. मॅनेजर रोज सकाळी हाताने नावं टाइप करतो, कधी विसरतो, मग दिवसभर कालचंच लग्न झळकतं. साइनेजचं सॉफ्टवेअर थेट डेटाबेसला जोडता येईल का?

जोडता येईल, पण थेट जोडू नका. मध्ये एक पातळ थर ठेवा. तो थर बनवणं म्हणजे एका दुपारचं काम आहे. माझा वेळ मात्र दर वेळी दुसऱ्याच ठिकाणी गेलाय. बुकिंगची नोंद क्लार्कने ऑफिससाठी केलेली असते आणि टीव्ही बघतो पाहुणा. एकाच ओळीतून दोघांना निराळं हवं असतं, आणि हे टीव्ही चालू झाल्यावरच कळतं.

मला कसं कळलं ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मराठवाड्यातल्याच एका कार्यालयात मी अख्खं बुकिंग टेबल जसंच्या तसं साइनेजला दिलं होतं. कॉलम निवडायचा कंटाळा, दुसरं काय. त्या टेबलात 'शेरा' नावाचा कॉलम होता. चाचणीच्या वेळी त्यात 'शुभविवाह', 'साखरपुडा', 'वाढदिवस' असंच दिसत होतं, म्हणून मी तोच कार्यक्रमाचं नाव म्हणून मोठ्या अक्षरात घेतला. आठवड्याने वरात दारात असताना गेटच्या 55 इंची टीव्हीवर उमटलं: 'शुभविवाह. 35,000 येणे बाकी. जनरेटर वेगळा.' मालकाचा फोन आला, तेव्हा मागे बँड वाजत होता. ते एवढंच म्हणाले, "आधी काढा, मग बोलू." चूक माझीच होती. क्लार्कने शेरा लिहायच्या जागी शेराच लिहिला होता.

म्हणून पहिलं काम डेटाबेसमध्ये फक्त टीव्हीसाठी एक व्ह्यू, म्हणजे मूळ टेबलातलं निवडकच दाखवणारी खिडकी, तयार करणं. त्यात मोजून सात-आठ कॉलम घ्या: नोंदीचा क्रमांक, हॉलचा क्रमांक, कार्यक्रमाचा प्रकार, दाखवायचं नाव, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, स्थिती. मोबाइल नंबर, पत्ता, ॲडव्हान्स, शेरा यांपैकी काहीही त्यात नको. मग मायएसक्यूएलमध्ये वेगळा युजर काढा आणि त्याला फक्त त्या व्ह्यूवर, फक्त वाचण्याची परवानगी द्या. उद्या कोणी तो पासवर्ड चोरला, तरी गेटवर जे लावलंय तेवढंच त्याला मिळेल.

दुसरं काम छोटी स्क्रिप्ट. पीएचपी येत असेल तर पीएचपीत, पायथन येत असेल तर पायथनमध्ये लिहा, फरक पडत नाही. दर दोन मिनिटांनी ती व्ह्यू वाचेल आणि जेसनची, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येईल अशा साध्या मजकुराची, एक फाइल लिहील. झिबोत याच कामासाठी रिमोट डेटासेट आहे. त्याला त्या फाइलचा वेब पत्ता द्यायचा, ठरलेल्या वेळाने तो फाइल उचलतो आणि आपल्या तक्त्यात ओळी भरतो. टीव्हीवरचा लेआउट, म्हणजे पाटीची मांडणी, एकदाच बनतो, आतली नावं बदलत राहतात. जुन्या ओळी कधी पुसायच्या ती सेटिंग तेवढी नीट बघून घ्या. न पुसता नव्या ओळी वर चढत गेल्या, तर चार दिवसांत लॉबीच्या टीव्हीवर गावजेवणाची यादी लागेल.

काही जण उलटं करतात. प्रत्येक बुकिंगसाठी साइनेजच्या एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला हुकूम देता यावेत म्हणून ठेवलेल्या वाटेने, नवा लेआउट आणि नवं शेड्यूल तयार करतात. दिसायला ते हुशारीचं वाटतं, पण बुकिंगची वेळ बदलली की जुनं शेड्यूल शोधून काढावं लागतं. त्याचा आयडी जपून ठेवला नसेल, तर एकाच हॉलवर एकाच लग्नाच्या दोन वेळा दिसतात. तुमच्या कामाला हा प्रकार नको.

स्क्रिप्ट लिहिताना दोन गोष्टी पाळा. फाइल आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा आणि मग नाव बदला, म्हणजे झिबोने नेमकी त्याच क्षणी फाइल उचलली तरी अर्धवट जेसन त्याच्या हाती लागत नाही. आणि डेटाबेस लागलाच नाही, तर फाइलला हात लावू नका. 'आज कार्यक्रम नाही' आणि 'आज डेटाबेस बंद आहे' या दोन्ही वेळी यादी रिकामीच येते. स्क्रिप्टला हा फरक कळला नाही, तर ऐन लग्नात गेटवर 'आज कोणताही कार्यक्रम नाही' असं झळकेल.

झिबोचा सर्व्हर बाहेर, भाड्याच्या मशीनवर असेल, तर त्याला डेटाबेस दिसावा म्हणून राउटरमधून 3306 नंबरचा, म्हणजे मायएसक्यूएलचा, पोर्ट उघडून देऊ नका. 'तात्पुरता उघडलाय' म्हणत तीन वर्षं उघडा राहिलेला मी पाहिलाय. ऑफिसच्या कॉम्प्युटरनेच ती छोटी फाइल बाहेर पाठवावी. बाहेरच्याला आत यायची गरजच नाही.

आता वेळेबद्दल, कारण इथे बरेच जण अडकतात. भारतात घड्याळ पुढे-मागे करायची पद्धत नाही, त्यामुळे टाइमझोनचा त्रास आपल्याला होणार नाही असं वाटतं. पण भाड्याचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमची क्वेरी तिथे 'आजची तारीख' विचारत असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंत तिच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. दुपारी तपासलं तर सगळं बरोबर दिसतं. आचारी चार वाजता भट्टी लावायला येतो, तेव्हा गेटवर कालची नावं असतात आणि सामानाचा टेम्पो चुकीच्या हॉलपुढे उभा राहतो. सकाळी मॅनेजर येईपर्यंत पाटी आपोआप सुधारलेली असते, त्यामुळे आचाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक खोच आहे. टाइमस्टँप प्रकारचा कॉलम आत यूटीसीत साठवतो आणि विचारणाऱ्याच्या टाइमझोनप्रमाणे परत देतो. डेटटाइम प्रकारचा कॉलम जे लिहिलं तेच परत देतो. एकाच टेबलात दोन्ही असले, की अर्ध्या वेळा बरोबर आणि अर्ध्या साडेपाच तास चुकीच्या येतात. म्हणून स्क्रिप्टने कनेक्शन उघडताच टाइमझोन सांगावा आणि जेसनमध्ये वेळेपुढे +05:30 लिहावं. 'आज' कशाला म्हणायचं हे फक्त व्ह्यूमध्ये ठरवा. लेआउटमध्ये परत तारखेची गाळणी लावली, तर दोन ठिकाणची दोन 'आज' होतात.

खरं तर तारखेची अट लावूच नका. कार्यक्रम अजून संपलेला नाही आणि पुढच्या आठ तासांत सुरू होतोय किंवा झालाय, एवढंच बघा. आपल्याकडे बुकिंग आदल्या संध्याकाळपासून असतं. रात्री सीमांतपूजन, सकाळी हळद, दुपारी लग्न, मग पंगती, आणि संध्याकाळी हॉल रिकामा. 'सुरू होण्याची तारीख आज' अशी अट असेल, तर हे लग्न ऐन लग्नाच्या दिवशीच पाटीवरून गायब होतं, कारण बुकिंग कालपासूनचं आहे.

यातूनच मोठा मुद्दा येतो. बुकिंग म्हणजे कार्यक्रम नव्हे. बुकिंग हा भाड्याचा हिशोब आहे: अमुक हॉल, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, एवढे पैसे. पाहुण्याला विचारायचं असतं, "लग्न किती वाजता लागणार आणि जेवण कुठं?" म्हणून बुकिंगला जोडलेलं कार्यक्रमांचं वेगळं टेबल करा. एका बुकिंगखाली तीन-चार कार्यक्रम येऊ द्या, प्रत्येकाची वेळ वेगळी आणि जागाही वेगळी. लग्न मोठ्या हॉलमध्ये आणि पंगत लॉनवर, हे एका ओळीत बसवता येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला मूळ टेबल बदलायचं नसेल, तर हे टेबल बाजूला वेगळं ठेवा आणि बुकिंग क्रमांकाने जोडा. बुकिंगचं सॉफ्टवेअर त्याला हात लावणार नाही.

मुहूर्ताची वेळ बहुतेक ठिकाणी मजकूर म्हणून लिहिलेली सापडते: 'दु. 12 वा. 35 मि.' किंवा नुसतं '12.35'. ती स्क्रिप्टने ओळखायला गेलात, तर कधी ना कधी लग्न रात्री 12 वाजून 35 मिनिटांनी लागतं. दोन कॉलम ठेवा. एकात मशीनसाठी 24 तासांची वेळ, दुसऱ्यात पत्रिकेत जसं छापलंय तसं. टीव्हीवर पत्रिकेतलंच दाखवा, माणसं ते शोधत येतात.

नावाचा प्रश्न याहून गमतीचा आहे. तुमच्याकडे एका दिवशी मोठ्या हॉलला पाटील–देशमुख आणि वरच्या हॉलला देशमुख–पाटील असणार, लातूरला हे काही नवल नाही. आहेर घेऊन माणसं भलत्या पंगतीला बसतात, पहिला भात येतो आणि नवरदेव ओळखीचा वाटत नाही. आडनावाने आपल्याकडे कोणी कोणाला ओळखतच नाही. औशाचे पाटील, उदगीरचे देशमुख, निलंग्याचे पाटील, असंच बोलतो आपण. म्हणून कार्यक्रमांच्या टेबलात दोन्हीकडच्या गावांचे दोन कॉलम घाला आणि नावाखाली गावं दाखवा. एवढ्याशा बदलाने गेटवरच्या वॉचमनला विचारायला थांबणारी गर्दी निम्म्याहून कमी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय. नवरा-नवरीचं पहिलं नावही घ्या, पण घरच्यांना विचारून. फॉर्मवर 'पाटीवर नाव कसं लिहायचं?' अशी एक ओळ छापली, की तोही प्रश्न मिटतो आणि शुद्धलेखनाची जबाबदारीही त्यांच्याकडे जाते.

कार्यक्रमाचा प्रकार ठरावीक यादीतून निवडायला लावा, हाताने लिहू देऊ नका. त्या प्रकारावरून टीव्हीची पार्श्वभूमी ठरते. शोकसभेसाठीही हॉल घेतात, हे लेआउट बनवताना कोणाच्या ध्यानात नसतं. झेंडूच्या तोरणाखाली 'हार्दिक स्वागत' आणि त्याखाली दिवंगत माणसाचं नाव, अशी पाटी लागली तर ती माफ होत नाही. म्हणून प्रकार ओळखता आला नाही, तर साधी, बिनसजावटीची पार्श्वभूमी दिसली पाहिजे. तोरणाची पार्श्वभूमी मुद्दाम निवडल्यावरच यावी.

स्थितीचा कॉलम नसेल तर तो आधी घाला. कॅलेंडरची देवाणघेवाण करण्याचं आयकॅलेंडर नावाचं मानक आहे, आरएफसी 5545, 2009 सालचं. त्यात कार्यक्रमाच्या तीनच स्थिती आहेत: कच्चा, पक्का, रद्द. तुम्हालाही तेवढ्या पुरतात. नुसती तारीख धरून ठेवलेली असेल तर कच्चा, टोकन आलं की पक्का. व्ह्यूमध्ये फक्त पक्के घ्या. आणि लग्न मोडलं किंवा पुढे गेलं, तर ओळ डिलीट करू नका, 'रद्द' लिहा. डिलीट केलेली ओळ चुकून गेली की मुद्दाम काढली, हे महिन्याने कोणालाच सांगता येत नाही.

आयकॅलेंडरचा विषय निघालाच आहे म्हणून: कोणी म्हणेल, डेटाबेस कशाला, गूगल कॅलेंडर वापरा आणि त्याचा दुवा साइनेजला द्या. एकाच हॉलसाठी ते चालतं. पण आयकॅलेंडरच्या फाइलमध्ये दिवसभराच्या कार्यक्रमाची शेवटची तारीख धरायची नसते. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा दिवसभराचा कार्यक्रम टाकला, तर फाइलमध्ये शेवट 18 सप्टेंबर लिहिलेला असतो. हे माहीत नसलेली स्क्रिप्ट 18 तारखेलाही झेंडावंदन दाखवते.

आता मराठीबद्दल. बुकिंगचं सॉफ्टवेअर जुनं असेल, तर आधी बघा की त्यात मराठी युनिकोडमध्ये आहे की श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये. जुन्या फाँटचा मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, वर फाँटचा मुखवटा असतो. तो टीव्हीवर गेला, की मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासावे लागतात. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर गोष्ट आणखी वाईट आहे. फक्त रोमन अक्षरांपुरत्या लॅटिन-1 कॉलममध्ये मराठी घातल्यावर अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठली, तर मूळ नाव कोणालाच परत काढता येत नाही. म्हणून कॉलम यूटीएफ-8-एमबी-4 (मायएसक्यूएलमधला युनिकोडचा प्रकार) करून घ्या, आणि ते करायच्या आधी बॅकअप.

नाव कुठे कापलं जातंय तेही बघा. 'देशमुख–कुलकर्णी शुभविवाह' हे डोळ्यांनी मोजलं, तर रेघ आणि मोकळी जागा धरून 15 घरं होतात. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजतो, त्याच्या हिशोबाने ती 24 होतात. कॉलम 20चा असेल, तर पाटीवर 'देशमुख–कुलकर्णी शुभव' एवढंच येतं. इंग्रजीत चाचणी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास सापडतं. कॉलम 200चा करा आणि ओळ मोडायचं काम लेआउटवर सोडा. अँड्रॉइडच्या स्वस्त बॉक्सवर देवनागरी फाँट असेलच असं नाही, चौकोन दिसले तर झिबोत नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त फाँट चढवा. चाचणीला 'सुऱ्यवंशी' असं मुद्दाम चुकीचं आणि 'सूर्यवंशी' असं बरोबर, दोन्ही टाइप करा. ऱ्य आणि र्य वेगळे उमटले, तर फाँट आणि प्लेअर (टीव्हीला जोडलेला, पाटी दाखवणारा बॉक्स) दोन्ही ठीक आहेत.

राहिली वीज. तुमच्याकडे दिवसातून एकदा तरी झटका बसतो, आणि इन्व्हर्टरवरून जनरेटरवर जाताना मधले काही सेकंद सगळं बंद असतं. प्लेअर राउटरच्या आधी उठतो, त्याला नेट मिळत नाही, आणि तो शेवटचं जे जवळ असेल ते दाखवतो. प्लेअर म्हणून तुम्ही रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल, तर चार नंबरपर्यंतच्या कुठल्याही पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो बंद पडायच्या आधीचीच वेळ धरून बसतो. 2023 मध्ये आलेल्या पाच नंबरमध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. राउटर आणि प्लेअर एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा, टीव्ही बंद पडला तर पडू द्या. टीव्ही परत चालू झाल्यावर कुठल्या एचडीएमआयवर उघडतो ती सेटिंगही बघा, नाहीतर लग्नभर 'नो सिग्नल'. गेटचा टीव्ही पत्र्याखाली असेल, तर मे महिन्यात उन्हाने बंद पडेल. त्याला सावली आणि हवा हेच उत्तर आहे, सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सकाळी 10:40 ची माहिती' असं येऊ द्या. स्क्रिप्टने फाइल लिहिली ती वेळ जेसनमध्येच घाला. पाहुण्याचं लक्ष तिथे जात नाही. मॅनेजरने मात्र चालता-चालता मान वर केली, की त्याला कळतं पाटी जिवंत आहे की गोठलीय.

हॉल ऐनवेळी बदलला तर किती वेळात दिसेल, याचा हिशोब बेरजेचा आहे. स्क्रिप्ट दर दोन मिनिटांनी, झिबोचा डेटासेट दर पाच मिनिटांनी आणि प्लेअर दर पाच मिनिटांनी विचारत असेल, तर वाईटात वाईट 12 मिनिटं. नेहमीच्या दिवसाला एवढं चालतं. पाऊस आला आणि लॉनवरची पंगत आत हलवायची असेल, तेव्हा 12 मिनिटं फार होतात. त्यासाठी 'जेवण वरच्या हॉलमध्ये' असा एक तयार लेआउट जास्त प्राधान्याने लावून ठेवायचा, आणि मॅनेजरला तो मोबाइलवरून चालू-बंद करायला शिकवायचं. डेटाबेस मागाहून दुरुस्त करता येतो.

हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरकून घ्या, सीझन लागला की कोणी तुम्हाला टीव्ही बंद करू देणार नाही. मोकळ्या वारी एक खोटं बुकिंग घाला: रात्री 10 ते दुसऱ्या दिवशी दुपारी 4, नाव लांबलचक, दोन्हीकडे आडनाव तेच. मग मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चढवा. मायएसक्यूएल बंद करून बघा. बुकिंग रद्द करा. पहाटे चारला आचाऱ्याला फोन करून विचारा, गेटवर काय दिसतंय.